बंद हुकूम

“‘हुकूम’मधला हु ऱ्हस्व आणि कू दीर्घ,” मी म्हटलं.

दौलतराव हेगिष्ट्यांनी टाक दौतीवर आडवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “दोन्ही ऱ्हस्व काढले तर काय होतं बाई? राज्य बुडतं?”

“राज्य नाही बुडत. पण तुमची परिपत्रकं मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. परवा दुर्गीनं विचारलं, पुस्तकातला हुकूम वेगळा आणि सरकारचा वेगळा का.”

“मग काय सांगितलंत?”

“सांगितलं, सरकार घाईत होतं.”

दाराशी स्टुलावर बसलेला इब्राहीम शिपाई खो खो हसला. दौलतरावही हसले. मग एकदम थांबून म्हणाले, “खोटं नाही सांगितलंत. सरकार घाईतच आहे.”

ते १९४८ सालच्या फेब्रुवारीतले शेवटचे दिवस होते. वडगिरी हे आमचं संस्थान. बत्तीस गावं, एक हायस्कूल, एक मोटार आणि तीन खोल्यांचा एक तुरुंग. देश स्वतंत्र झाल्यावर अशाच आठ लहान संस्थानांनी मिळून एक संघराज्य काढलं होतं. आठ राजे, आठ झेंडे, त्यावर एक नववा झेंडा आणि लोकांनी निवडलेले पाच मंत्री. त्यांतले शिक्षणमंत्री दौलतराव. शिक्षणखातं वडगिरीच्या जुन्या पागेत भरायचं. भिंतीतल्या घोडे बांधायच्या कड्या तशाच होत्या. त्यांना इब्राहीम कागदांच्या पिशव्या अडकवायचा.

दौलतराव शेतकऱ्याच्या घरातले, वकिली शिकलेले. प्रजा परिषदेच्या चळवळीत त्यांनी याच गावच्या तुरुंगात चौदा महिने काढले होते आणि तेव्हा त्यांच्या खोलीवर पहारा होता इब्राहीमचा. मंत्री झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर त्याला तुरुंगावरून आपल्या दाराशी आणला. “माझ्या दाराशी बसायची त्याला सवय आहे,” म्हणायचे.

मी त्या वेळी तेवीस वर्षांची. वडगिरीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. सकाळी तिथे शिकवायची आणि साडेअकरानंतर दोन मैलांवरच्या दगडखाणीवर जायची. तिथे वडारांची वस्ती होती. दिवाळीपासून एका छपराखाली मी त्यांची सत्तावीस मुलं जमवली होती. खडी फोडणाऱ्या आयांनी मुलं सोडावीत म्हणून मी दारोदार किती बसले, ते आता सांगत नाही. मुलांची घरची भाषा वेगळी, मराठी अर्धीमुर्धी, पण बेरीज सांगितली की खडे मांडून अशी पटकन करायची की मला बोटांवर मोजायला वेळ मिळायचा नाही.

अडचण एकच होती. त्या शाळेला सरकारी हुकूम नव्हता. हुकूम नाही म्हणून सरकारी पट नाही, आणि पट नाही म्हणून ती सत्तावीस मुलं कागदावर कुठल्याच शाळेत नव्हती. चौथीच्या परीक्षेला बसवायची म्हटलं तरी बसवता येणार नव्हती. उद्या कुणी म्हणालं की बंद करा, तर बंद करायला काही लागणार नव्हतं. मुळात ती सुरूच झालेली नव्हती.

“माझ्या शाळेचा कागद?” मी विचारलं.

“होईल बाई.”

“हे तुम्ही संक्रांतीलाही म्हणालात.”

“संक्रांतीला मला वाटत होतं, आपलं राज्य पाच वर्षं तरी चालेल. आता पाच दिवसांचं कळेना.”

गांधीजी जाऊन चार आठवडे होत होते. त्या वाईट आठवड्यात गावातल्या दोन आळ्यांमधली घरं जळाली आणि कचेरीतले कारकून कुटुंबं घेऊन पुण्याला निघून गेले. कागद साफ लिहायला माणूस उरला नाही. म्हणून दुपारी खाणीवरून परत आले की मी तासभर कचेरीत बसून लिहून द्यायची. दौलतराव सांगायचे, मी लिहायची. ते स्वतः लिहायला लागले की काय व्हायचं, ते वर आलंच आहे.

आणि याच दिवसांत बातमी पसरली की संघराज्य मोडून आठही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन होणार.

मुलांना हे कसं शिकवावं हे मला कळेना. “आपलं राज्य कोणतं?” या प्रश्नाचं उत्तर गणपतीत वडगिरी होतं, दिवाळीनंतर संघराज्य झालं, आता मुंबई प्रांत होणार म्हणत होते. मी पाटीवर एक पुसून दुसरं लिहायला लावलं. दुर्गी दहा वर्षांची, वस्तीच्या मुकादमाची मुलगी. ती म्हणाली, “बाई, आपण हललोच नाही. मग राज्य कसं हललं?”

मी म्हटलं, “उद्या सांगते.” अजून सांगायचं राहिलंय.

मंगळवारी बाजाराच्या पटांगणात सभा झाली. दौलतराव घसा फुटेपर्यंत बोलले. “ज्या राजांनी आपल्याला कोंडलं, त्यांनाच आपण एका पंगतीत बसवलं. हे राज्य आपण कमावलंय. संघ मोडू देणार नाही!” लोकांनी टोप्या उडवल्या. मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, राज्य राहिलं म्हणजे मंत्री राहिले, आणि मंत्री राहिले म्हणजे माझा कागद राहिला.

गुरुवारी दुपारी मी कचेरीत गेले तर टेबलावरचे कागद बाजूला सारून चौघे पत्ते खेळत होते. दौलतराव, इब्राहीम आणि शेजारचे दोन दुकानदार. मेंढीकोट चालला होता. मी भिंतीशी बसून राहिले.

“बाईंना येतो का?” एका दुकानदारानं विचारलं.

“हुकूम बोलून खेळतात तो येतो,” मी म्हटलं. “माहेरी खेळायचो.”

“हा तसला पोरखेळ नाही,” दौलतराव म्हणाले. “हा बंद हुकूम. बघा.” त्यांनी हातातलं एक पान काढून टेबलावर पालथं ठेवलं. “माझा हुकूम हा. इस्पिक, बदाम, चौकट की किलवर, ते फक्त मला माहीत. बाकीच्यांनी आंधळं खेळायचं. ज्याच्या हातात मागितलेल्या रंगाचं पान नसेल तो म्हणणार, हुकूम उघडा. तो म्हणेपर्यंत हा पालथा.”

“आणि म्हणालाच नाही कुणी तर?”

“तर आख्खा डाव पालथा राहतो. पण असतो हां बाई. दिसत नाही म्हणून नसतो असं नाही.”

“आन् कुणी मागितल्यावर?” इब्राहीमनं मला शिकवायच्या सुरात विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “मग दावायलाच लागतो. साहेबांनीच शिकवलं मला, गजाआडनं.”

त्या दिवशी साहेबांनी मला काही लिहायला दिलं नाही. “आज सुट्टी,” म्हणाले. मी माझ्या शाळेचा विषय काढला तर पान टाकता टाकता म्हणाले, “बघतो.” मला इतका राग आला की मी निरोप न घेता निघाले.

शुक्रवारी संघाच्या प्रतिनिधींची बैठक दुसऱ्या संस्थानात झाली. इब्राहीम साहेबांबरोबर गेला होता. शनिवारी सकाळी तो मला मुलींच्या शाळेच्या फाटकाशी भेटला.

“काय झालं?” मी विचारलं.

“इलीन झालं.”

“विलीन?”

“त्येच. ठराव मांडला साहेबांनी.”

“कोणता ठराव? संघ ठेवायचा?”

“मोडायचा.”

“अरे, मंगळवारी तर...”

“मला काय इचारता बाईसाहेब? मंगळवारी मीबी टोपी उडवली. अजून घावली न्हाई.”

त्या दिवशी गावात दौलतरावांना काय काय म्हणाले ते लिहीत नाही. न्हाव्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे एकच चर्चा. मंत्रिपद जातंय म्हणून मुंबईची आमदारकी मागून घेतली, असं सगळे म्हणत होते. आमच्या भागातून विधिमंडळात एक माणूस घेणार होते, हे खरंच होतं. मी कुणाशी बोलले नाही. मला वाटत होतं, एखादं वाक्य मधूनच गाळून कुणीतरी धडा वाचतंय.

दुपारी कचेरीत बोलावणं आलं. पागेसमोर जीप उभी होती. आत दौलतरावांच्या समोर नानासाहेब म्हस्के बसले होते. जिल्ह्यातले पक्षाचे मोठे पुढारी. कुणाचं नाव मुंबईला जाणार आणि कुणाचं नाही, ते यांच्या हातात. जाडजूड, हसतमुख माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “या कोण?”

“रोकडेबाई. अक्षर चांगलं आहे,” दौलतराव म्हणाले.

“शुद्धलेखनही?”

“तेच जास्त चांगलं आहे,” दौलतराव म्हणाले, पण हसले नाहीत.

मग म्हस्के सांगत गेले आणि मी लिहीत गेले. कागद होता तो असा: या मंत्रिमंडळाने एक फेब्रुवारीपासून आजतागायत एकही नवा हुकूम काढलेला नाही.

“हे कशाला लागतं?” मी न राहवून विचारलं.

म्हस्के गोड हसले. “बाई, घर रिकामं करून देताना माणूस झाडून देतो ना? तसं. काही संस्थानांत जाता जाता भाच्या-पुतण्यांच्या नेमणुका केल्या मंडळींनी. मुंबईवाले चिडलेत. आपला माणूस स्वच्छ पाहिजे. दौलतराव स्वच्छ आहेत, म्हणून तर त्यांचं नाव पुढे आहे. एक जरी नवा हुकूम निघाला ना, मग मी काही करू शकत नाही.”

मी दौलतरावांकडे पाहिलं. “मग माझ्या शाळेचं?”

“कोणती शाळा?” ते म्हणाले.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. “खाणीवरची. वडारवस्तीची.”

“अशी शाळा आमच्या दप्तरात नाही,” ते म्हस्क्यांकडे बघत म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी सही केली. त्या सहीच्या वेळी टाक एकदाही अडला नाही, हे मला आजही आठवतं.

मी उठले. पागेबाहेर आले आणि चालायला लागले. डोळ्यांत पाणी होतं, की नुसती धूळ, ठाऊक नाही. फर्लांगभर गेल्यावर मागून इब्राहीम पळत आला.

“बाईसाहेब! ह्ये घ्या. साहेबांनी दिलंय.” एक खाकी पाकीट होतं. लाखेनं बंद केलेलं. वर काही लिहिलेलं नव्हतं.

“काय आहे यात?”

“मला ठावं न्हाई. साहेब म्हणाले, बाईंना सांग, बंद हुकूम हाय. शाळा कुणाच्या हुकमानं चालते असं कुणी इचारलं, तरच उघडायचा. तवर पालथा.”

“थट्टा करायला मीच सापडले का त्यांना?”

“थट्टा करत असत्याल असं वाटलं न्हाई,” इब्राहीम म्हणाला. “त्वांड धुतल्यावाणी पांढरं झालं होतं.”

ते पाकीट मी ट्रंकेच्या तळाशी, आईच्या जुन्या लुगड्याखाली टाकलं. उघडलं नाही. रागानं म्हणा, हट्टानं म्हणा. मुलांना मी रोज सांगत होते की सांगितलेलं ऐकावं, मीही ऐकलं. मनातून वाटत होतं, आत माफीचं पत्र असेल. मला त्यांची माफी वाचायची नव्हती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात राज्य गेलं. नववा झेंडा उतरवला, मग बाकीचे आठही. कचेरी पागेतून गेली. इब्राहीमला पोस्टात नेमलं. मी खाणीवर जात राहिले, कारण जाऊ नका असं कुणी म्हणालं नाही. मुलं बाराखडी संपवून जोडाक्षरांवर आली. दुर्गी तिसरीचं पुस्तक वाचायला लागली. दौलतराव रस्त्यात एकदोनदा दिसले. मी पदर सावरून दुसऱ्या बाजूनं गेले.

जूनचा पहिला आठवडा असेल. पाऊस अजून आला नव्हता. सकाळच्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी दहालाच खाणीवर गेले होते. छपराखाली शिकवत असताना एक उंच, किरकोळ गृहस्थ छत्री टेकत आले. मागे एका माणसाच्या डोक्यावर कागदांचं गाठोडं. ते नव्या सरकारचे शिक्षण निरीक्षक होते, नाबरसाहेब. त्यांनी मुलांना बसायला सांगितलं. वाचून घेतलं, गणितं घातली. तिम्मानं खडे मांडून त्यांच्या आधी उत्तर काढलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “चांगलं चाललंय. पण ही शाळा माझ्या यादीत नाही. कुणाच्या हुकमानं चालते?”

तो प्रश्न शब्दाला शब्द तसाच होता.

“हुकूम असला तर दाखवा,” ते म्हणाले. “नसला तर मला ही बंद करावी लागेल. मग नवा अर्ज, नवी पाहणी. दोन वर्षं जातील. मी तीन वाजेपर्यंत इथे आहे. तोवर मुलांना मी शिकवतो.”

मी घरी गेले, ट्रंक उपसली, पाकीट घेतलं. लाख फोडायला नखही लावलं. आणि थांबले. म्हस्क्यांचं वाक्य आठवलं: एक जरी नवा हुकूम निघाला, मग मी काही करू शकत नाही. आत खरंच हुकूम असेल तर तो उघडल्यावर काय होणार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तीन महिने मी ज्याला माफीचं पत्र समजत होते, ते आता हातात जड लागायला लागलं. आणि वाटलं, नसेल हुकूम, तर? नाबरसाहेबांपुढे पाकीट फोडायचं आणि आतून निघायची चार ओळींची सबब?

पाकीट घेऊन मी दौलतरावांच्या घरी गेले.

सोप्यावर जाजम घातलं होतं. दौलतरावांच्या डोक्यावर कोरी टोपी. त्यांचं नाव मुंबईला जाणार, आज-उद्या तार येणार, असं गावभर झालं होतं. कोपऱ्यात कुणीतरी हार आणूनही ठेवला होता, ओल्या फडक्यात. आणि वेळ घालवायला मेंढीकोट. तेच चौघे. पोस्टातून जेवायला सुटलेला इब्राहीमही होता.

मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, “साहेब, हुकूम विचारलाय.”

“कुणी?” एक दुकानदार वर न बघता म्हणाला. “अजून सगळ्यांकडे इस्पिक आहे. मधेच काय सांगता बाई?”

“तुमच्या डावाचं नाही,” मी म्हटलं. “माझ्या.”

दौलतरावांनी मान वर केली. पाकीट पाहिलं. लाख पाहिली.

“उघडलं नाहीत?”

“तुम्हीच सांगितलं होतं, विचारल्याशिवाय उघडायचं नाही.”

“तीन महिने?” ते थक्क होऊन म्हणाले. “अहो, मला वाटलं होतं, त्याच संध्याकाळी उघडाल. बायकामाणूस, मास्तरीण, तुम्हाला राहवणार नाही. उघडाल आणि मला दोन शब्द चांगले म्हणाल. तुम्ही तर रस्ता बदलून जायला लागलात.”

“आत हुकूम आहे?”

त्यांनी टोपी नीट केली. मग हळूच म्हणाले, “कोण आलंय?”

“निरीक्षक. तीनपर्यंत आहेत. नाही दाखवला तर शाळा बंद.”

“त्यांना आठ दिवस थांबवा. आठ दिवसांत माझं नक्की होईल. मग आमदार म्हणून मीच...”

“ते थांबणार नाहीत. आणि आमदार झाल्यावर हे निघालं तर?”

“मग सांगा, पाकीट हरवलं.”

दुकानदारांना काय चाललंय ते कळत नव्हतं; मलाही अर्धंच कळत होतं. मी विचारलं, “साहेब, मंगळवारी तुम्ही संघ राहू दे म्हणालात. शुक्रवारी मोडू दे म्हणालात. शनिवारी म्हणालात शाळाच नाही. आज म्हणता पाकीट हरवलं. यातलं खरं कोणतं, ते एकदा सांगा. मी मुलांना शिकवते, मला सांगता आलं पाहिजे.”

“मंगळवारी मला वाटत होतं संघ टिकेल. बुधवारी आठातले सहा राजे परस्पर सही करून मोकळे झाले, हे कळलं. शुक्रवारी मोडलेलंच होतं, मी नुसतं मोठ्यानं वाचलं.” त्यांनी हातातल्या पानांचा पंखा मिटला, पुन्हा उघडला. “मधे गुरुवार होता. त्या दिवशी तुम्ही रागावून गेलात.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी...” ते म्हणाले आणि थांबले. “शनिवारी मला दोन्ही हवं होतं बाई.”

शेवटी इब्राहीम खाली बघत म्हणाला, “साहेब, मागितल्यावर दावायलाच लागतो.”

“मला शिकवतोस?”

“तुम्हीच शिकवलंसा. गजाआडनं.”

दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हातातली पानं जाजमावर पालथी ठेवली, एकेक नाही, सगळी एकदम. टोपी काढून मांडीवर घेतली.

“जा बाई,” ते म्हणाले. “दोन वाजायला आलेत.”

नाबरसाहेब मुलांमध्ये मांडी घालून बसले होते. मी त्यांच्यासमोर लाख फोडली. आत एकच कागद. वर संघराज्याचा शिक्का आणि खाली दौलतरावांच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात तीन ओळी:

‘वडगीरी येथील खाणीवरच्या वडारवस्तीतील शाळा कायम समजन्यात यावी. मूलांची नावे सरकारी पटावर घ्यावित. पुढील हुकुम होईपर्यंत शाळा चालु ठेवावी. ता. २६ फेब्रुवारी १९४८.’

सव्वीस तारीख म्हणजे गुरुवार.

नाबरसाहेबांनी तो दोनदा वाचला. “संस्थानं विलीन झाली त्या दिवशी जे हुकूम अमलात होते, ते नवा हुकूम निघेपर्यंत चालू राहतात. तसं कलम आहे,” ते सावकाश म्हणाले. मग गाठोडं सोडून त्यातून दुसरा कागद काढला. “पण याच गृहस्थांनी अठ्ठावीस तारखेला लिहून दिलंय, एकही नवा हुकूम काढला नाही म्हणून. या दोहोंपैकी एक खोटा आहे.”

“तो दुसरा कागद माझ्या अक्षरातला आहे,” मी म्हटलं.

“तुमच्या?” त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. “म्हणजे तुमचा कचेरीत वावर होता. शिक्काही हाताशी असणार. राग मानू नका, पण हा हुकूम मागाहून इथेच कुणी तयार केला नाही कशावरून?”

खरं बोलणाऱ्या माणसाला असं विचारलं की त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडतो. मी म्हटलं, “साहेब, त्यातलं शुद्धलेखन बघा.”

त्यांनी बघितलं. भुवई वर गेली. मग ते दुर्गीकडे वळले. “मुली, पाटीवर लिही, पुढील हुकूम होईपर्यंत शाळा चालू ठेवावी.”

दुर्गीनं जीभ बाहेर काढून लिहिलं. हु ऱ्हस्व, कू दीर्घ. लू दीर्घ. पाटी त्यांच्यापुढे धरली.

नाबरसाहेबांनी पाटी पाहिली, कागद पाहिला. “नाही,” ते म्हणाले. “हा कागद या शाळेत तयार झालेला नाही.” आणि पहिल्यांदाच थोडेसे हसले. “शिक्षणमंत्री होते ना हे?”

“हो.”

मग हसू गेलं. “बाई, मला दोन्ही कागद वर पाठवावे लागतील. हेगिष्ट्यांचं नाव मुंबईला जाणार आहे म्हणतात.”

“त्यांना विचारूनच आणलाय,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिथेच, एका दगडावर बसून, सत्तावीस नावं पटावर उतरवून घेतली. मुलांची आडनावं विचारताना त्यांना फार वेळ लागला.

तार आली नाही. विधिमंडळात म्हस्क्यांचा पुतण्या गेला. दौलतराव पुढे दोन निवडणुका लढले. गावानं मंगळवार आणि शुक्रवार लक्षात ठेवला होता. गुरुवार कुणाला ठाऊकच नव्हता. मी सांगायची, पण लोकांना ते पत्त्यांच्या डावासारखं गुंतागुंतीचं वाटायचं. दोन्ही वेळा पडले. तालुक्याच्या कोर्टात वकिली करत राहिले.

चौदा वर्षांनी शाळेला दगडी इमारत झाली. दगड वस्तीनंच फोडला. तेव्हा मी दौलतरावांना बोलावलं. त्यांच्या हुकमाची एक प्रत मी जशीच्या तशी, चुकांसकट, काचेत लावून वर्गात टांगली होती. दर वर्षी चौथीच्या मुलांना मी त्यातल्या चुका शोधायला लावते. सहा आहेत.

ते मुलांबरोबर खाली बसले, चष्मा लावला आणि पेन्सिल मागून घेतली. मुलं हसत होती. त्यांनी पाच शोधल्या.

“अजून एक आहे,” दुर्गीची मुलगी म्हणाली. तीही तेव्हा त्या वर्गात होती.

“नाही बाळ. एवढ्याच.”

“आहे आजोबा. सगळ्यांत सोपी आहे.”

त्यांनी पुन्हा वाचलं, ओठ हलवत, पहिल्यापासून. मी विचारून घेतलं, जे चौदा वर्षं विचारायचं होतं. “साहेब, त्या शनिवारी सही करताना तुम्हाला वाटत होतं का, की कुणी विचारणारच नाही?”

“पानं हातात असताना मला सगळं ठाऊक होतं, असं तुम्हाला आता वाटतंय,” ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. “मला काही ठाऊक नव्हतं बाई. सापडत नाही ही सहावी.”

“सांगू?” मुलीनं विचारलं.

“नको,” दौलतराव म्हणाले. “राहू दे तशीच.”